दर सेकंदाला दहा लाख

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार २०२४-२५ साली भारताची अर्थव्यवस्था ३३१ लाख कोटी रुपयांची होती. त्यात सरकारी उपभोग खर्चाचा वाटा साधारण १० टक्के, म्हणजे ३३ लाख कोटींच्या आसपास. केंद्र, राज्यं, महापालिका, ग्रामपंचायती, सगळे धरून. दिवसाला ९ हजार कोटी आणि सेकंदाला १० लाखांहून जास्त. रविवारी, दिवाळीत आणि रात्री दोन वाजताही.

आता गंमत बघा. त्याच वर्षी एकट्या केंद्राचा अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा होता. मग केंद्र आणि सगळी राज्यं मिळून ३३च कसे? एक तर केंद्राचे ११ लाख कोटींहून अधिक नुसत्या व्याजात जातात, आणि व्याज या हिशेबात येत नाही. महामार्ग, रेल्वेमार्ग ही भांडवलनिर्मिती; तिचं खातं निराळं. लाडक्या बहिणीच्या खात्यात दरमहा पडणारे १,५०० रुपयेही इथे नाहीत. ती त्यातून तेल-साखर आणेल, तेव्हा तो खासगी उपभोग.

मग उरतं काय? जिल्हा परिषदेची शाळा घ्या. गुरुजींचा पगार, खडू, विजेचं बिल हे सगळं उपभोगात. नवी वर्गखोली बांधली तर ती गुंतवणूक, पण त्या खोलीची पुढे दरवर्षी होणारी झीज पुन्हा उपभोगात! शाळा फी घेत नाही, त्यामुळे तिथल्या शिकवण्याला बाजारभाव नाही. म्हणून जेवढा खर्च झाला तेवढीच त्याची किंमत धरायची, असा जगभरचा रिवाज आहे. वर्गात सात मुलं बसोत की सत्तर, चालू किमतींच्या हिशेबात फरक पडत नाही. मोजणाऱ्यांचा नाइलाज समजतो, पण मला आकड्याच्या आकारापेक्षा हेच जास्त चक्रावून टाकतं. सरकारच्या खिशातून किती गेले हे ३३ लाख कोटी नीट सांगतात. लोकांच्या पदरात काय पडलं, याबद्दल अवाक्षर नाही.

माणशी वाटणी केली तर हा डोंगर एकदम खाली बसतो: रोजचे साठ-पासष्ट रुपये. पोलीस, न्यायालय, लष्कर, सरकारी दवाखाना, शाळा, सगळं त्यातच. स्वीडनमध्ये हा वाटा अर्थव्यवस्थेच्या पावभागाहून थोडा जास्त आहे आणि माणशी रोजचे तीन हजार रुपये सहज ओलांडतो. अर्थात तिथल्या नर्सचा पगारही तिथल्या मानाने, त्यामुळे सेवा पन्नासपट मिळते असं मुळीच नाही. उलट टोकाला बांगलादेश आहे, ६ टक्क्यांच्या घरात.

अमेरिकेचा वाटा साधारण १४ टक्के, म्हणजे श्रीमंत देशांत कमीच. पण २०२४ मधल्या २९ लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे १४ टक्के म्हणजे ४ लाख कोटी डॉलर. भारताची अख्खी अर्थव्यवस्था जवळपास तेवढीच आहे! शेतं, कारखाने, बँका, टपऱ्या, सगळ्यांसकट. शिवाय हे १४ टक्केही तसे फसवेच. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या इस्पितळाचं बिल सरकारी मेडिकेअर भरतं, तरी तिथल्या हिशेबात तो खासगी उपभोग. फ्रान्समध्ये सरकारी विम्याने उपचारांचे पैसे दिले, की तो सरकारी उपभोग.

ब्रिटनने मात्र स्थिर किमतींच्या हिशेबात खर्चावरून मोजण्याच्या रिवाजाला फाटा दिला. १९९८ पासून तिथे शिक्षण, आरोग्य अशा सेवांचं प्रत्यक्ष काम मोजायला सुरुवात झाली: किती मुलं शिकली, किती शस्त्रक्रिया झाल्या. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद राहिल्या, शिक्षकांचे पगार चालू राहिले, पण शिकवण्याचं माप घसरलं. त्या वर्षी ब्रिटनचा जीडीपी सुमारे १० टक्क्यांनी कोसळला. इतर देशांशी तुलना सुरू झाली तेव्हा, आमची घसरण मोठी दिसण्यात मोजण्याच्या या पद्धतीचाही हात आहे, असा खुलासा तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला करावा लागला.