काचेवरची काई

पुस्तकात आपण शेवाळ लिहितो, बोलताना मात्र हिंदीच्या शेजारानं 'काई' हाच शब्द तोंडी येतो. दीड फुटाची काचेची टाकी, त्यात चार गप्पी, दोन गोल्डफिश, आणि महिनाभरात काच हिरवी. मग एखाद्या रविवारी सगळं बाहेर काढायचं, खडे साबणानं घासायचे, टाकी नळाखाली धुवायची, ताजं पाणी भरायचं. टाकी चकाचक होते आणि दोन-तीन दिवसांत मासे उलटे तरंगू लागतात. बोल लागतो दुकानदाराला. खरं तर मासे जातात ते बहुतेकदा काईनं नव्हे, धुण्यानं.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी असतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक. हे जीवाणू नव्या टाकीत जमायलाच चार ते सहा आठवडे लागतात. साबण आणि क्लोरीन त्यांना एका सकाळी संपवतात.

काईला हवं असतं ते ऊन आणि खत. आपल्या संत्र्याच्या बागेला जे नायट्रोजन, फॉस्फरस लागतं, तेच हिलाही. म्हणून खिडकीतली टाकी आधी हलवा. लाइट सहा ते आठ तासच ठेवा. रात्रभर शोभेसाठी जळणारा दिवा काईची शेती करतो. खाणं मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. पाहुण्यांच्या पोरांना चिमूटभर टाकायची फार हौस असते, तेवढं जरा सांभाळा.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीनं तळाची घाण ओढत काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारे थेंब टाका. काच जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही.

एवढं करूनही काई हटत नसेल तर पाणीच तपासा. खत पडणाऱ्या शेताजवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये नायट्रेट आधीच असू शकतं. एका बाटलीत बोअरचं आणि दुसरीत आरओचं पाणी भरा, दोन्हींत टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाका आणि खिडकीत ठेवा. बोअरची बाटली आधी हिरवी झाली, तर संशय पाण्यावर.

नव्या टाकीत येणारा तपकिरी थर डायटमचा असतो. तो पुसला की पुष्कळदा आपोआप थांबतो. निळसर-हिरवी, चिकट, वास मारणारी चादर पसरली तर ती काई नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहे. ती नळीनं ओढून काढा. सगळं पाणीच हिरवं झालं तर टाकी तीन-चार दिवस जाड कापडानं झाका, पण हवेचा पंप चालू ठेवूनच.

हे मे महिन्यात विशेष जपायचं. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच. रात्री काईसुद्धा ऑक्सिजन ओढते. त्यात लाइट गेली की पंप बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर पाणी मग्ग्यानं उंचावरून ओतत राहा.

काचेवरची थोडी हिरवाई मला तर बरीच वाटते. गप्पी ती टिपत बसतात. ती खायला दुकानदार 'सकर' मासा देतो, तो मात्र नको. बोटाएवढा आणलेला सकर फूटभराच्या पुढे जातो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. मग लोक त्याला नदीत सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता गंगेतही सापडतो. जाम किंवा कन्हानमध्ये तो सोडू नका. आणलाच असेल तर दुकानात परत द्या, नाहीतर मोठी टाकी असणारं घर शोधा.