एका मेनवर भागत नाही
(मागवाल्यांसाठी विजेच्या हिफाजतीची गोष्ट)

पावसाळ्यात रात्रपाळीला अख्खा गाळा एकाएकी अंधारात जातो, चोवीस माग एका दमात थांबतात आणि वायरमन येईपर्यंत कारीगर हातावर हात ठेवून बसतात, हे भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना सांगायला नको. चालता माग मध्येच थांबला की कापडावर आडवी पट्टी पडते आणि ताका सेकंडमध्ये जातो. आमच्या गाळ्यात दोन पावसाळे हेच चालले होते.

आम्ही मेनवर एकच ई.एल.सी.बी. बसवली होती (हल्ली दुकानदार तिला आर.सी.सी.बी. म्हणतात), तीही ३० मिलिअँपिअरची. बसवणारा म्हणाला, "शेठ, ही सगळ्यात नाजूक, म्हणजे सगळ्यात चांगली." आम्हाला ते पटले. पुढे रोजच्या ट्रिपिंगला कंटाळून एका रात्री कोणीतरी ती बाजूला टाकून वायर सरळ जोडली. आम्हाला कळले होते. पण धंदा सुरळीत चालला म्हणून आम्ही गप्प राहिलो. पाचव्या दिवशी कांडीवाल्या कामगाराला मशीनच्या पत्र्याचा शॉक बसला. शेजारच्याने कोरड्या लाकडी फळीने त्याला ढकलले आणि अल्लाहच्या मेहरबानीने तो वाचला. चूक वायर जोडणाऱ्याची जेवढी, तेवढीच आमची.

फ्यूज का उडाला नाही, असे आमचा भाऊ विचारू लागला. छातीतून १०० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी माणूस दगावू शकतो. १० अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. ई.एल.सी.बी. वेगळे काम करते. जेवढा करंट गेला तेवढा परत आला का, एवढेच ती पाहते. जमाखर्च जुळला नाही की माल कुठेतरी गळतो आहे असे समजून ती लाईन तोडते. व्यापाऱ्याला हे समजायला अवघड नाही.

मग आमची रोज का पडत होती? प्रत्येक मोटर आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनिक चोक थोडी थोडी गळती करतो. चोवीस मागांची मिळून, त्यात भिंतीची ओल. आणि ३० ची ई.एल.सी.बी. १५ च्या पुढे केव्हाही पडू शकते.

नंतर आलेल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनने माग सहा-सहाच्या चार भागांत वाटले आणि प्रत्येक भागाला ३० ची वेगळी ई.एल.सी.बी. दिली. कांडी मशीन वेगळे, दिवे वेगळे. मेनवर ३०० ची बसवली, पण 'एस' खुणेची, म्हणजे थोडी थांबून पडणारी. आम्ही म्हटले, साधी १०० ची चालेल की! तो म्हणाला, नाही. वरची खालचीच्या निदान तिप्पट हवी हे खरे, पण एवढ्याने भागत नाही. पत्र्याला थेट फेज लागला तर गळती कित्येक अँपिअरची होते; तेव्हा ३० काय आणि १०० काय, दोन्ही एकदमच पडतात आणि गाळा पुन्हा अंधारात. 'एस'वाली मोठ्या गळतीलाही निदान ४० मिलिसेकंद थांबते, तोवर खालचीने काम उरकलेले असते. आकडा आणि वेळ, दोन्हींचा मेळ बसला तरच सहा माग थांबतात आणि अठरा चालू राहतात.

मात्र मेनवरची ३०० ची माणसाचा जीव वाचवण्यासाठी नव्हे; ती आगीपासून राखते. म्हणून मेन बोर्डातून एखादी मोटर किंवा पंखा परस्पर जोडू देऊ नका. प्रत्येक भागाचा न्यूट्रल वेगळा ठेवा; दोन भागांचे न्यूट्रल एकत्र झाले की विनाकारण ट्रिपिंग सुरू होते आणि दोष यंत्राला लागतो. एम.सी.बी. काढून टाकू नका, कारण जादा लोड ई.एल.सी.बी. ओळखत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरणाऱ्यालाही ती वाचवू शकत नाही.

तिच्यावर टेस्टचे बटन असते, ते दाबत जावे. मोटरीच्या लाईनला न्यूट्रल लागत नाही म्हणून काही वायरमन तो जोडतच नाहीत. मग कित्येक चार पोलच्या यंत्रांत बटन दाबूनही काही होत नाही. आम्ही जुम्याच्या सुट्टीला, माग बंद असताना, सगळी बटने दाबून पाहतो. मागच्या महिन्यात तिसऱ्या भागाची पडली नाही. संध्याकाळच्या आत नवी आणून बसवली, मगच ते सहा माग सुरू केले.