नोंदी जागेवर ठेवून संगणकांचे संघीय अध्ययन

दप्तर गावात राहावे व तालुक्याला केवळ त्याचा गोषवारा जावा, ही महसुली कामकाजाची जुनी रीत. संगणकांना शिकविण्याच्या शास्त्रात गेल्या दहा वर्षांत हिच्याशी साम्य असलेली एक पद्धती पुढे आली आहे. तिला फेडरेटेड लर्निंग असे म्हणतात; मराठीत संघीय अध्ययन म्हणावयास हरकत नाही. हे नाव गूगलमधील ब्रेंडन मॅकमहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिले.

संगणकाला एखादा अंदाज बांधावयास शिकवावयाचे, तर हजारो नोंदी एका ठिकाणी गोळा कराव्या लागत. रुग्णांच्या नोंदींबाबत मात्र असे करणे धोक्याचे असते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. तेव्हा नोंदी जेथे आहेत तेथेच ठेवून काम साधेल काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

कल्पना करू की, एका रुग्णालयाच्या आवारात तीन कक्ष असून प्रत्येकाचा स्वतंत्र संगणक आहे. मधुमेही रुग्णास नेत्रतपासणीसाठी पाठवावे किंवा काय, याचा अंदाज करणारे गणिती प्रतिमान तयार करावयाचे आहे. मध्यवर्ती संगणक प्रथम एक कच्चे प्रतिमान तिघांकडे पाठवितो. प्रत्येक संगणक आपल्याच नोंदींवर त्यास शिकवितो आणि सुधारलेले अंक तेवढे परत करतो. समजा, पहिल्या कक्षात १०० नोंदी असून तेथील एक अंक ०.२० आला, दुसऱ्यात ३०० नोंदी व ०.४०, तिसऱ्यात ६०० नोंदी व ०.५०. साधी सरासरी सुमारे ०.३७ भरते. परंतु नोंदींच्या प्रमाणात भार दिल्यास ०.४४ येते, आणि हाच अंक पुढील फेरीसाठी सर्वांकडे जातो. अशा अनेक फेऱ्या होतात. गोषवाऱ्याहून फरक हा, की येथे वर गेलेला हिशोब सुधारून पुन्हा खाली येतो.

ही केवळ कल्पना नव्हे. कोविडच्या रुग्णांना किती प्राणवायू लागेल, याचा अंदाज करणारे प्रतिमान वेगवेगळ्या देशांतील २० संस्थांनी याच रीतीने घडविले. त्याचा वृत्तांत २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एका इमारतीतील स्थानिक जाळ्यावर ही व्यवस्था उभारण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. ‘फ्लॉवर’ ही मुक्त स्रोत प्रणाली याकरिता उपयोगी पडते. तीत मध्यवर्ती संगणकावर ‘सुपरलिंक’ आणि इतर प्रत्येकावर ‘सुपरनोड’ हा कार्यक्रम चालू ठेवावयाचा असतो. मध्यवर्ती संगणकाचा जाळ्यातील पत्ता मात्र कायमचा ठरवून द्यावा. तो रोज बदलत राहिला तर इतरांना त्याचा ठावठिकाणा लागणार नाही. जोडणीची सुरुवात सुपरनोडच करतात. म्हणून कक्षांतील संगणकांवर बाहेरून येण्याचा मार्ग उघडावा लागत नाही. मध्यवर्ती संगणकाच्या संरक्षक भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, ठरलेले एक द्वार, बहुधा ९०९२ क्रमांकाचे, मोकळे केले की पुरते. सर्व संगणकांवर पायथॉन भाषेच्या पूरक संचांची आवृत्ती एकच असावी. किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीपायी पुष्कळ वेळ खर्ची पडतो.

जाळ्यावर पडणारा भार बेताचाच असतो. १० लाख अंकांचे प्रतिमान, प्रत्येक अंकास ४ बाइट धरल्यास, सुमारे ४ मेगाबाइटचे होते. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जाळ्यावर ते अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचते. खरा वेळ जातो तो सर्वांत मंद संगणकाची वाट पाहण्यात. त्यासाठी किती संगणकांची उत्तरे आल्यावर फेरी पूर्ण समजावी, हे आधी ठरविता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जाळे इमारतीतलेच आहे, मग कुलूप कशाला, असे म्हणून चाचणीच्या वेळी ‘इनसिक्युअर’ हा पर्याय वापरला जातो आणि पुढे तोच कायम राहतो. प्रत्यक्ष नोंदींवर काम सुरू होण्यापूर्वी प्रमाणपत्रे बसवून संदेश सांकेतिक केलेच पाहिजेत. शिवाय, पाठविलेल्या अंकांवरून मूळ चित्रे काही परिस्थितीत पुन्हा उभी करता येतात, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले आहे. यावर ‘सुरक्षित एकत्रीकरण’ हा एक उपाय आहे. प्रत्येक संगणक आपल्या अंकांत असे गुप्त अंक मिसळतो की, सर्वांची बेरीज होताना ते परस्परांना छेदून नाहीसे होतात. मध्यवर्ती संगणकास बेरीज कळते, पण कोणा एकाचे अंक कळत नाहीत.

भाराच्या सरासरीतही एक अडचण दडलेली आहे. वरील उदाहरणात ६०० नोंदींच्या कक्षाचे म्हणणे वरचढ ठरले. पहिल्या कक्षात वृद्ध रुग्णच अधिक येत असतील, तर सर्वांसाठी झालेले प्रतिमान नेमके त्यांच्याच बाबतीत चुकण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक कक्षाने काही नोंदी शिकविण्यातून वगळून राखून ठेवाव्यात, त्यांवर प्रतिमानाची परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल एकत्रित न देता कक्षवार मांडावा.