एक पीएनआर, चाळीस प्रवासी

दहा किंवा अधिक प्रवाशांचे आरक्षण बहुतेक विमान कंपन्या ‘गट’ म्हणून नोंदवतात आणि सर्वांना मिळून एकच पीएनआर, म्हणजे आरक्षणाची ओळख पटवणारा सहा अक्षर-अंकांचा संकेत, देतात. परंतु सोयीसाठी केलेली ही नोंद काउंटरवर अनेकदा जाचक ठरते, कारण एकाच प्रवाशाच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळले नाही, तरी दुरुस्ती होईपर्यंत मागची रांग खोळंबते. सामानाचे वजन गटासाठी एकत्र धरण्याची सवलत काही कंपन्या देत असल्या, तरी एका बॅगेला सर्वसाधारणपणे ३२ किलोंची कमाल मर्यादा असते, आणि ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करता ती रास्तच आहे. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. सहलप्रमुखांनी नावांची यादी पासपोर्ट समोर ठेवूनच भरावी.