जीपचा आवाज कसा येतो ते सोडा, कधी येतो ते सांगा!

तुमच्या ग्रुपमध्ये एकाच्या तरी घरी जुनी फोर बाय फोर जीप असतेच. घराच्या मागे ताडपत्रीखाली उभी, आजोबांनी घेतलेली, ‘अजून दमदार आहे’ असं घरचे जिच्याबद्दल न चुकता सांगतात ती. पावसाळी ट्रिप ठरली की सगळ्यांचा डोळा तिच्यावर. आणि निघाल्यावर पहिल्याच वळणाला कुणीतरी विचारतं, ‘‘हा कसला आवाज येतोय रे?’’ उत्तर ठरलेलं असतं. ‘‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच.’’ मग गाण्यांचा आवाज वाढवला जातो.

आमच्याकडेही हेच चाललं होतं. भोरजवळ राहणाऱ्या माझ्या मामाची जीप हळू चालवली की खालून चिमणी बसल्यासारखं ‘चिक् चिक् चिक्’ करायची आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की एक दणकट ‘खट्’. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये नेली, तर गाडीखाली न वाकताच निकाल मिळाला : गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मामाने जीप विकायची भाषा सुरू केली.

आता मी मास कॉमवाली. गाडी चालवता येते, उघडता येत नाही. तरी गावातल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले आणि त्यांना तोंडाने आवाज काढून दाखवायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. ‘‘आवाज कसा येतो ते राहू दे पोरी. कधी येतो ते सांग.’’

आमच्या पहिल्या सेमिस्टरला शिकवलेला प्रश्न मला गॅरेजमध्ये परत भेटला!

आधी गाडीच्या पोटातला रस्ता समजून घ्या. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून ट्रान्सफर केसमध्ये. तिथे दोन वाटा फुटतात. एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे जातो, दुसरा पुढच्या. डिफरन्शियलमधून अ‍ॅक्सलने चाकांपर्यंत. आता एवढ्या लांबलचक साखळीत आवाज करणारी कडी शोधायची कशी? तर एकेक भाग फिरायचा थांबवायचा आणि कान द्यायचा.

पहिली तपासणी उभ्या गाडीवर. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लचवर पाय नाही. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबतेय? मग संशय गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बहुतेक वेळा रिलीज बेअरिंग. मामाच्या जीपमध्ये दोन्ही नाही. म्हणजे ज्याचा मृत्यू जाहीर झाला होता, तो गिअरबॉक्स इथेच थोडा जिवंत झाला.

मग चालत्या गाडीत. एकाच स्पीडला तिसऱ्यात चालवा, मग चौथ्यात. इंजिनचे फेरे बदलले पण आवाजाचा वेग तोच राहिला, तर आवाज इंजिनचा नाही, चाकांच्या बाजूचा आहे. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचे दात बघावे लागतील. चार गिअरच्या जुन्या गाड्यांत चौथा बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद खालच्या काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जाते. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये कण्हणारी गाडी चौथ्यात गप्प झाली, तर तो खालचा शाफ्ट आणि त्याची बेअरिंग तपासायची. (हे मला इतकं आवडलं की मी दोन दिवस दिसेल त्याला सांगत होते.) शेवटी सपाट, रिकाम्या रस्त्यावर इंजिन चालूच ठेवून काही सेकंद न्यूट्रल करून बघायचं. घाटात हा प्रयोग अजिबात नको. आमची चिमणी न्यूट्रलमध्येही बोलत राहिली.

इथपर्यंत संशय पुढे-मागे दोन्हीकडे होता. पण मामाच्या जीपला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री व्हील हब आहेत. ते ‘फ्री’ केले आणि गाडी टू व्हीलवर ठेवली की पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट फिरतच नाहीत. आवाज गेला तर दोष पुढे, राहिला तर मागे. आमचा राहिला. एक नटही न उघडता अर्धी गाडी संशयातून बाहेर!

पुढची युक्ती खडूची. काकांनी मागच्या टायरवर पांढरी रेघ मारली, मामाला चालण्याच्या वेगाने जीप चालवायला सांगितलं आणि मला शेजारून चालत मोजायला लावलं. रेघेची एक फेरी होईपर्यंत चिक् किती वेळा? एकदाच झालं तर चाक, ब्रेक किंवा अ‍ॅक्सल. पण शाफ्ट चाकापेक्षा जास्त वेगाने फिरतो. अशा जीपमध्ये चाकाच्या एका फेरीत तो साधारण चार ते साडेपाच फेऱ्या मारतो. मी तीनदा मोजलं. दर वेळी पाचच्या आसपास.

मग काका गाडीखाली गेले. इथे जरा थांबा, कारण इथे जीव जाऊ शकतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवेत, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. विलिसच्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते हवेत मोकळं फिरतं, डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकालाही फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते.

काकांनी मागचा शाफ्ट हातात धरून उलटसुलट पिळला. क्रॉसमध्ये खुळखुळ. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकचिन्हासारखा सांधा, जो चाकं वरखाली झाली तरी शाफ्टला फिरू देतो. त्याच्या चारही टोकांवरच्या टोप्यांत सुईसारखे बारीक रोलर असतात. ग्रीस संपलं, पाणी शिरलं की ते कोरडे पडतात आणि चिवचिवतात. झिजले की ढिलाई येते, आणि ताकदीची दिशा बदलताच ‘खट्’ होतं. आमच्या टोप्यांभोवती तांबडी भुकटी दिसत होती. गंजलेल्या रोलरचा तो चुरा.

आता हँडब्रेकचं परत आठवा. उतारावर हा सांधा तुटला तर इंजिनचा चाकांशी संबंध संपतो आणि शाफ्टवरचा हँडब्रेकही चाकांना धरू शकत नाही. मोकळा झालेला शाफ्ट खाली आपटतो ते वेगळंच. आमची वरंध घाटाची ट्रिप पुढच्याच आठवड्यात होती. आठ जण.

प्रत्येक आवाज क्रॉसचा नसतो, हे आलंच. घूं घूं आवाज डावीकडे वळताना वाढला तर वजन उजव्या चाकावर येतं, म्हणून उजवं व्हील बेअरिंग आधी बघतात. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर शिट्टी आणि सोडल्यावर गप्प (किंवा उलट) असेल तर डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन. त्यासाठी तेल काढून बघतात : चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत. तेल दुधाळ असेल तर ओढ्यात घातलेल्या गाडीत पाणी शिरलंय. आणि गुणगुण डांबरावर एक, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरी येत असेल तर ते टायर. चिखलाचे मोठ्या गट्ट्यांचे टायर गातातच.

एक भीती मात्र पूर्ण फुकटची. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलात आणि स्टीअरिंग जड झालं, टायर घासटले, गाडी अडखळली, तर काही मोडलेलं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण या गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. चिखलात चाकं घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर मिटत नाही. असंच चालवत राहिलात तर मात्र खरंच काहीतरी मोडेल.

मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. जुने टोप्या ठोकून बाहेर काढताना रोलरऐवजी नुसता गंजाचा चुरा पडला. मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. काकांनी मामाला ग्रीसगन दाखवून विचारलं, ‘‘शेवटचं ग्रीस कधी मारलंत?’’ मामा माझ्याकडे बघायला लागला.

ट्रिप झाली. परतताना घाटात जीपमधून एक नवीन आवाज आला, बारीक ‘टण टण’. आठही जण गप्प, गाणी बंद. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून बघितलं. मागे ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात चमचा राहिला होता.