गळाचें साधें रीळ
रावेतच्या बंधाऱ्यामागें पवनेचें पाणी संथ होतें. अशा पाण्यांत तरंडें सोडून मासे धरणाऱ्या हौशी गृहस्थाला दंतचक्रांचें महाग रीळ लागत नाहीं. एकाच आंसावर फिरणारी चकती, म्हणजे सेंटरपिन रीळ, त्याला पुरतें. १९ व्या शतकांत इंग्लंडांतील ट्रेंट नदीवर नॉटिंगहॅमचीं लाकडी रिळें याच तत्त्वावर चालत. तरंडें प्रवाहाबरोबर जातें, त्याच्या ओढीनें चकती फिरते व दोरा सुटतो. दोरा अडखळला कीं आमिष वर उचललें जातें आणि मासा बिचकतो.

दुकानदार चकतीला झटका देऊन ती किती वेळ फिरते तें दाखवील. त्याला भुलूं नये. संथ नदीवर प्रश्न वेगळाच असतो: किती हलक्या ओढीनें चकती हलूं लागते? दोऱ्याला शिशाची बारीकशी गोळी टांगून पाहावी. चकती डुलत असेल तर रीळ परत करावें. व्यास ४ ते ४॥ इंच असावा. बॉल-बेअरिंग नसलें तरी चालेल. गुळगुळीत आंस व थेंबभर पातळ तेल पुष्कळ काम करतात. वांकडा आंस भोसरीच्या एखाद्या लेथवर सरळ होईलही, पण स्वस्ताई तेथेंच संपली! मोठा मासा लागल्यास ब्रेक म्हणजे स्वतःचा आंगठा. म्हणून चकतीची कड हाताला गुळगुळीत लागली पाहिजे.

देहूस जातांना मात्र रीळ घरींच ठेवावें. तेथील इंद्रायणीच्या डोहांतले मासे भाविकांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत.