घरगुती झाडपाला आणि विषारी वनस्पती : मुलांना 'किती?' हा प्रश्न विचारायला शिकवूया



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. शाळेच्या वाटेवर कोणकोणती झाडं दिसतात, ते मुलं सांगत होती आणि मी फळ्यावर नावं लिहीत होते. धोतऱ्याचं नाव आलं तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची आजी आज बाळाला याचाच काढा देणार आहे. त्याला खोकला झालाय."

मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. पानं धुऊन ठेवली होती. आजी म्हणाल्या, "अहो बाई, आमच्या सासूबाई द्यायच्या की!" मी विचारलं, "आजी, त्या किती पानं घ्यायच्या?" आजी थोडं थांबून म्हणाल्या, "ते त्यांनाच ठाऊक."

काढा झाला नाही. बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पण आजींचं ते उत्तर माझ्या मनातून जाईना. औषधाचं नाव घरात टिकून राहिलं होतं, प्रमाण मात्र सासूबाईंबरोबरच गेलं होतं. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

धोतऱ्यात असतं काय?

धोतरा हा वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातला. त्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांमध्ये, ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन यांसारखी द्रव्यं असतात. ती शरीरात गेली की तोंडाला कोरड पडते, त्वचा लाल आणि गरम होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, लघवी अडते. माणूस बरळायला लागतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागतात. लहान मुलांच्या बाबतीत थोडं प्रमाणही जिवावर बेतू शकतं.

मुख्य अडचण पुढेच आहे. एका झाडात ही द्रव्यं जितकी असतात, तितकीच शेजारच्या झाडात असतील असं नाही. झाडाचं वय, ऋतू, जमीन, पान की बी यांनुसार प्रमाण बदलतं. म्हणून 'दोन पानं' हे मापच नव्हे. मागच्या वेळी दोन पानांनी काही झालं नाही, याचा अर्थ या वेळीही होणार नाही असा होत नाही.

उकळलं की विष जातं, खरं का?

हा फार मोठा गैरसमज आहे. अंगणातली कण्हेर घ्या. लाल, पांढरी आणि पिवळी (हिला बिट्टीही म्हणतात) अशा सगळ्याच कण्हेरी विषारी. त्यांतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पानं उकळली किंवा वाळवली तरी ती नष्ट होत नाहीत. उलट काढा करताना ती पाण्यात उतरतात आणि तेच पाणी आपण पितो.

मग औषधांत विषारी वनस्पती कशा वापरतात?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि तो योग्यच आहे. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांचं उदाहरण सांगा. सूज आलेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या एका घरगुती झाडपाल्याची माहिती त्यांना मिळाली. अनेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात खरा गुण 'फॉक्सग्लोव्ह' या विषारी झाडाचा आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यानंतर सुमारे दहा वर्षं त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. किती दिलं, काय झालं, कुठे थांबावं लागलं ते लिहिलं आणि १७८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. या जातीच्या झाडापासून मिळणारं डिगॉक्सिन आजही हृदयविकारात वापरतात. तरीही गुण येणारी मात्रा आणि विषबाधा करणारी मात्रा यांत अंतर इतकं कमी आहे की गरज पडल्यास डॉक्टर रक्त तपासून प्रमाण ठरवतात.

आपला आयुर्वेदही तेच सांगतो. विषारी द्रव्यांवर आधी 'शोधन' संस्कार करायचा, मग ठरलेल्या मात्रेतच ती द्यायची. धोतरा, कण्हेर, गुंज, कळलावी, बिब्बा, बचनाग यांची नावं १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. त्यांपासून बनवलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. मोबाईलवर फिरत आलेल्या निरोपात झाडाचं नाव असतं. शोधन नसतं आणि मात्राही नसते.

शाळेभोवती नजर टाका

- चंद्रज्योत (मोगली एरंड) : कुंपणाला लावतात. बिया चवीला शेंगदाण्यासारख्या, म्हणून मुलं खातात. जोराच्या उलट्या-जुलाब होतात.
- गुंज : सोनाराच्या वजनाची लाल-काळी बी. चावून खाल्ली तर अत्यंत घातक.
- एरंड : तेल ओळखीचं असलं, तरी बी विषारी असते.
- कळलावी : कंद रताळ्यासारखा दिसतो, फसगत होते.
- रुई : काटा रुतला की हिचा चीक लावतात. तो हात डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा होते.

चुकून पोटात गेलं तर

१. तोंडातला उरलेला भाग काढा, चूळ भरायला लावा.
२. मीठ-पाणी देऊन किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू असे उताराही नकोत.
३. मूल बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता कुशीवर झोपवा.
४. लगेच १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा. त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका.
५. झाडाची फांदी, फळ किंवा उरलेला काढा सोबत न्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो.
६. चीक डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरातल्या मोठ्यांकडून झाडपाल्याच्या औषधांची माहिती लिहून आणायला सांगा. तक्त्यात चार रकाने ठेवा : झाडाचं नाव, कोणता भाग, किती, कुणी द्यायचं नाही. माझ्या वर्गात पहिले दोन रकाने भरून आले, शेवटचे दोन बहुतेकांचे रिकामेच राहिले. मुलांनी स्वतःच विचारलं, "बाई, माहीत नसेल तर मग देतात कसं?"

या उपक्रमात आजी-आजोबांची चेष्टा होणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या. त्यांची माया खरी आहे, झाडांची ओळखही खरी आहे. फक्त ज्या झाडाची मात्रा कुणालाच ठाऊक नाही, ते चुलीवर चढू नये.

ते बाळ आता अंगणवाडीत येतं. आजी भेटल्या की हसून म्हणतात, "बाई, धोतरा आता महादेवालाच हं!"